लायगरची कारकीर्द कशी बघायची: शेवटच्या दोन मॅचपासून मागे

जपानी रेसलिंग नव्याने बघायला लागलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, जुशिन थंडर लायगरला सगळे एवढं मानतात तर त्याचं नक्की काय बघू आणि कुठून सुरू करू. मग कोणीतरी पन्नास मॅचची यादी टाकतं, बिचारा माणूस त्यातल्या तीन बघतो आणि सोडून देतो, कारण मॅच भारी असतात पण समोरचा कोण आहे, ही दोघं एकमेकांवर एवढी का चिडलीयत, पब्लिक कशाला ओरडतंय यातलं काहीच कळत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की सुरुवातीपासून बघूच नका. आधी शेवटच्या दोन मॅच बघा, ४ आणि ५ जानेवारी २०२०, टोकियो डोम. त्या दोन दिवसांत रिंगमध्ये आणि रिंगच्या बाजूला जी माणसं उभी आहेत ना, तीच तुमची यादी. एकेकाचं बोट धरायचं आणि मागे जायचं.

त्याआधी थोडं बेसिक, फार नाही. ज्युनियर हेवीवेट म्हणजे पोरांचा गट नव्हे. न्यू जपानमध्ये, म्हणजे लायगरच्या कंपनीत, १०० किलोच्या आतले सगळे ज्युनियर, म्हणजे पंचाण्णव किलोचा चाळिशीतला माणूससुद्धा ज्युनियरच. निकाल आधी ठरलेले असतात हे सगळ्यांना माहितीय, त्यावर वाद घालत बसू नका, पडणं खरं असतं, मानेवर येणारा भार खरा असतो आणि पंचवीस मिनिटं तो वेग टिकवणंही खरंच असतं. ज्युनियर मॅचमध्ये बघायचं असतं ते हेच. टायटल मॅचला ६० मिनिटांची मर्यादा, रिंगबाहेर गेलात तर अमेरिकेसारखी १० नाही तर २० पर्यंत मोजणी, आणि सुरुवातीची पाच-सात मिनिटं पब्लिक शांत बसलेलं दिसलं तर कंटाळलंय असं समजू नका, ते लक्ष देऊन बघतायत.

आता ४ जानेवारी. चार विरुद्ध चार अशी आठ जणांची टॅग मॅच आहे. एका बाजूला लायगर, तात्सुमी फुजिनामी, द ग्रेट सासुके आणि टायगर मास्क, त्यांच्या कोपऱ्यात, म्हणजे रिंगबाहेर साथीला, एल सामुराई. समोर नाओकी सानो, शिनजिरो ओतानी, तात्सुहितो ताकाइवा आणि रियुसुके तागुची, त्यांच्या कोपऱ्यात कुनिआकी कोबायाशी. मॅच छोटी आहे, बरेच जण पन्नाशी ओलांडलेले, फुजिनामी तर साठीच्याही पुढचा, त्यामुळे उड्याबिड्या फार बघायला मिळणार नाहीत. पहिल्यांदा नुसती बघा आणि नावं वहीत लिहून घ्या, खरंच वही घ्या, मोबाईलमधल्या नोट्स परत कोणी उघडत नाही.

पहिलं नाव फुजिनामी, कारण सगळं तिथून सुरू होतं. जानेवारी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ज्युनियर हेवीवेटचा बेल्ट जिंकला आणि जपानमध्ये आणला, आणि बारीक अंगाचा वेगवान माणूससुद्धा स्टार होऊ शकतो हे लोकांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बघितलं. पण तो १९८१ मध्ये हेवीवेटमध्ये गेला. हे नीट लक्षात ठेवा, कारण ज्युनियरच्या प्रत्येक कारकिर्दीत हा एक प्रश्न असतोच, वर जाणार की इथेच राहणार.

मग टायगर मास्क. ४ जानेवारीला दिसतो तो चौथा टायगर मास्क, पण तुम्हाला जायचंय पहिल्याकडे. २३ एप्रिल १९८१, टोकियोचं कुरामाए कोकुगिकान, सातोरु सायामा विरुद्ध डायनामाइट किड. दहा मिनिटांच्या आतली मॅच आहे, कुठलीही तयारी न करता बघता येते, आणि आजही अंगावर येते. नंतर सायामाच्या मागे लागला तो हाच कोबायाशी, जो टायगरचा मास्क फाडायचा. १९८३ मध्ये सायामा अचानक कंपनी सोडून गेला आणि ज्युनियर डिव्हिजनला मोठं खिंडार पडलं. आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट टायटल, म्हणजे न्यू जपानचा स्वतःचा ज्युनियर बेल्ट, आलं १९८६ मध्ये, पण टायगर मास्कच्या जागी उभं राहील असं कोणी सापडत नव्हतं.

हे सगळं बघून झालं की मगच केइची यामादाकडे, म्हणजे मास्कच्या आतल्या लायगरकडे या. हिरोशिमाचा, जन्म १९६४, शाळेत असताना ॲमॅच्युअर कुस्ती केलेला, उंची साधारण १७० सेंटीमीटर. न्यू जपानला तेव्हा उंच पोरं हवी असायची, त्यामुळे त्याला दार बंद होतं. तो सरळ मेक्सिकोला गेला शिकायला, तिथे न्यू जपानच्या लोकांच्या नजरेत आला आणि मग टोकियोत नोगेच्या डोजोमध्ये शिरला. डोजो म्हणजे आपली तालीमच समजा, तिथेच राहायचं, पहाटेपासून बैठका, झाडलोट, सीनियरचे कपडे धुणं, सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात चांको शिजवणं, आणि वस्ताद बोलला की मान खाली. मार्च १९८४ ला पदार्पण.

यंग लायनच्या, म्हणजे डोजोतल्या नव्या पोरांच्या, मॅच लोक स्किप करतात आणि मला हे अजिबात पटत नाही. काळी चड्डी, काळे बूट, ना एंट्रीचं गाणं ना भारी मूव्ह, बहुतेक वेळा बोस्टन क्रॅबमध्ये, म्हणजे पालथं पाडून पाय मागे वाकवणाऱ्या पकडीत, अडकून हरणं. पण तिथेच कळतं कोणात काय आहे. बघायचं काय तर लॉकअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला दोघं एकमेकांना भिडतात तेव्हा, पाय कुठे पडतात, मार खाताना डोळे कुठे असतात, आणि क्रॅबमध्ये अडकल्यावर दोरीकडे सरकताना पब्लिक त्याच्या बाजूने ओरडायला लागतं का. ज्या पोराकडे मूव्हच नाहीत त्याच्यासाठी लोक ओरडतात म्हणजे त्याने ते फक्त चेहऱ्याने आणि अंगाने मिळवलेलं असतं. यामादाने १९८६ मध्ये यंग लायन कप जिंकला. त्या काळातले व्हिडिओ थोडेच सापडतात, सापडले की सोडू नका, मास्क नसलेला त्याचा चेहरा बघून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

पुढचा टप्पा परदेशवारीचा. तरुण पोराला वर्ष-दोन वर्षं बाहेर धाडतात आणि तो वेगळाच माणूस बनून परत येतो. यामादा इंग्लंडला गेला, तिथे फुजी यामादा नावाने मार्क रोक्कोसारख्या कडक गड्याशी लढला, मग कॅनडात कॅलगरीला स्टॅम्पीड नावाच्या कंपनीत. ही वारी बघताना टायटलं मोजू नका, एकच गोष्ट शोधा, जाताना काय येत नव्हतं आणि येताना काय घेऊन आला. इंग्लंडमधली पकडापकडी आणि मेक्सिकोतली हवेतली कला एकाच अंगात आली, लायगरचा पाया तो आहे. शूटिंग स्टार प्रेस, म्हणजे टॉप रोपवरून पुढे झेप घेत हवेत उलटं फिरून अंगावर पडणं, ही मूव्ह जगाला दिली ती यानेच. (मातीत, गादीवर, स्विमिंग पूलच्या कडेवरून, कुठूनही ही करून बघू नका, मान मोडते, गंमत नाही.)

आता २४ एप्रिल १९८९. न्यू जपानचा टोकियो डोममधला पहिलाच शो, आणि त्यात गो नागाइच्या ॲनिमेतला जुशिन लायगर अंगाला लाल-पांढरा सूट चढवून खराखुरा रिंगमध्ये उतरतो. समोर कोण, तर कुनिआकी कोबायाशी. टायगर मास्कचा जुना वैरी मुद्दाम पहिल्या मॅचला दिलेला, म्हणजे पब्लिकला न बोलता सांगितलं की ही गादी आता याची. आणि हाच कोबायाशी जवळजवळ ३१ वर्षांनी ४ जानेवारीला समोरच्या कोपऱ्यात उभा आहे! मागून बघायचं म्हणतो ते यासाठी, शेवटची मॅच आधी बघितली असेल तर ही पहिली मॅच बघताना पोटात काहीतरी हलतं. महिन्याभरात, २५ मे ला, त्याने हिरोशी हासेला हरवून आयडब्ल्यूजीपी ज्युनियर टायटल घेतलं. ॲनिमेमध्ये हिरो जसा बदलला तसा सूट आणि नावही बदललं, आधी नुसता लायगर, मग फायर, मग थंडर, आणि ॲनिमे कधीच संपलं तरी थंडर लायगर तीस वर्षं राहिला.

वहीतलं पुढचं नाव सानो, आणि इथे मात्र घाई करू नका. सानो हा डोजोच्या दिवसांपासूनचा बरोबरीचा. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याने लायगरकडून टायटल घेतलं आणि ३१ जानेवारी १९९० ला ओसाकात परतीची मॅच झाली. सुपरहिरोच्या कपड्यातला माणूस रक्ताने माखलेला, मास्क फाटलेला, आणि सानो थांबायलाच तयार नाही. लायगर म्हणजे लहान मुलांसाठी केलेलं पात्र असं ज्याला वाटत असेल त्याने ही एक मॅच बघावी. एकच मॅच बघायला वेळ असेल तर मी हीच सांगतो, १९९४ च्या गाजलेल्या मॅचेसच्या आधी ही.

एल सामुराई साठी ३० एप्रिल १९९२, टॉप ऑफ द सुपर ज्युनियर्सची फायनल, टोकियोचा रियोगोकु हॉल. हीच स्पर्धा पुढे बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स झाली, लायगरने ती तीनदा जिंकली, १९९२, १९९४ आणि २००१, त्यातली शेवटची एकही मॅच न हरता. सामुराईविरुद्धची मॅच वेगाची कमी आणि रागाची जास्त आहे, प्रकरण मास्क फाडण्यापर्यंत जातं. या मॅचनंतर लगेच २०२० ची सुपर ज्युनियर फायनल लावा, टोकियोचाच बुदोकान हॉल, हिरोमु ताकाहाशी विरुद्ध एल देसपेरादो, तिथेही मास्क निघतो. २८ वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही मॅच लागोपाठ बघितल्या की ज्युनियरमध्ये मास्कला एवढी किंमत का आहे ते कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

सासुके म्हणजे १६ एप्रिल १९९४, सुपर जे-कप. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ज्युनियर्सना एका रात्रीत एकत्र आणणारी स्पर्धा, आणि यामागे लायगरचाच हात. सासुके उत्तरेकडच्या इवातेतली छोटी कंपनी मिचिनोकु प्रो चालवायचा, टोकियोतल्या मोठ्या पब्लिकसमोर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. सेमीफायनलमध्ये तो दोरीवरून घसरून पडतो, लायगर टाळ्या वाजवून चिडवतो, आणि पुढच्याच क्षणी सासुके त्याला फिरवून खांदे टेकवतो. त्या काळचा सगळ्यात मोठा ज्युनियर स्वतः बोलावलेल्या स्पर्धेत बाहेरच्या छोट्या कंपनीच्या माणसाकडून हरतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून सासुके सगळ्या जपानला माहीत. फायनल वाइल्ड पेगाससने जिंकली, म्हणजे ख्रिस बेन्वा, आणि त्याने २००७ मध्ये बायकोचा आणि मुलाचा खून केला, त्यामुळे त्याच्या मॅच बघायच्या की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, सेमीफायनलपर्यंत थांबलात तरी या कामापुरतं पुरेसं आहे.

मला या सगळ्यातून जे म्हणायचंय ते इथे आहे. लायगर आयडब्ल्यूजीपी ज्युनियर चॅम्पियन ११ वेळा झाला, रेकॉर्ड आहे, सगळे तोच आकडा सांगतात. पण शेवटचा बेल्ट त्याने जुलै २००० मध्ये घालवला, याच ताकाइवाकडे, आणि नंतर तो कधीच परत आला नाही. म्हणजे रिटायर होईपर्यंतची जवळजवळ वीस वर्षं तो एकट्याचा हा बेल्ट नसताना काम करत होता आणि तरीही डिव्हिजनचा चेहरा तोच होता. ज्युनियरची कारकीर्द बेल्ट मोजून कळत नाही. त्याच्याशी लढून कोण मोठं झालं ते मोजा. सासुके, सामुराई, ओतानी, कानेमोतो, ताकाइवा, सगळे तिथूनच गेले. ओतानी आणि ताकाइवा १९९८ मध्ये पहिले आयडब्ल्यूजीपी ज्युनियर टॅग चॅम्पियन झाले. १९९६-९७ च्या लायगर-ओतानी मॅच मिळतील तेवढ्या बघा, ओतानी चापट खाऊन जे तोंड करतो ते अभिनय शिकवणाऱ्यांनी दाखवावं असं आहे.

शरीराकडेही लक्ष ठेवा. १९९४ मध्ये घोटा मोडला आणि तो जवळपास वर्षभर बाहेर, १९९६ मध्ये मेंदूत ट्यूमर निघाला, ऑपरेशन करून परत आला. त्यानंतरच्या मॅच आधीच्या मॅचना लागून बघितल्या तर फरक स्वच्छ दिसतो, हवेतलं कमी झालं, हाताच्या तळव्याचा फटका म्हणजे शोतेइ वाढला, जमिनीवरची पकड वाढली. उडता येईना म्हणून संपला असं झालंच नाही, लढायची पद्धतच त्याने नव्याने बांधली. पन्नाशीपर्यंत टिकलेला ज्युनियर आणि तिशीत गुडघे गेलेला ज्युनियर यांच्यात मला दिसलेला फरक हाच. आणि हे धोके खरे आहेत, ओतानीला एप्रिल २०२२ मध्ये रिंगमध्ये मानेच्या मणक्याला एवढी जबर इजा झाली की शरीर लुळं पडलं. हे माहीत असू द्या आणि मग टॉप रोपवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे त्या नजरेने बघा.

वर जाण्याचा प्रश्न राहिला. लायगरने हेवीवेटशी मॅच केल्या, फेब्रुवारी १९९४ मध्ये बुदोकानला शिन्या हाशिमोतोशी, २००० मध्ये जी-वन क्लायमॅक्स या हेवीवेटच्या स्पर्धेतही उतरला, पण घर कधी बदललं नाही. केनी ओमेगा २०१६ मध्ये वर गेला, विल ऑस्प्रे २०२० मध्ये, दोघांचंही भलं झालं आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त ज्युनियर म्हणजे हेवीवेट होण्याआधीची वेटिंग रूम असं कोणी म्हटलं की मला राग येतो, कारण त्याच खोलीत एका माणसाने तीस वर्षं काढून तिला महाल केलं.

अमेरिकेतलं थोडक्यात. डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीत ब्रायन पिलमनसोबत फेब्रुवारी १९९२ ची सुपरब्रॉल मॅच जरूर, सप्टेंबर १९९५ च्या त्यांच्याच पहिल्यावहिल्या नायट्रो या टीव्ही शोची पहिली मॅचसुद्धा याच दोघांची, पण ती छोटी आहे. २०१५ ला ब्रुकलिनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी शोला टायलर ब्रीझशी झालेली मॅच पब्लिकच्या आवाजासाठी बघा.

मिनोरु सुझुकीचं प्रकरण वेगळं काढून बघा, दोन भागांत. पहिला नोव्हेंबर २००२, पँक्रेस, खरी फाइट, ठरलेलं काही नाही. मूळ प्रतिस्पर्धी येऊ शकला नाही म्हणून लायगर खऱ्या फाइटच्या धंद्यातल्या माणसासमोर मास्क घालून उभा राहिला आणि दोन मिनिटांच्या आत गळा आवळला जाऊन हरला. दुसरा १४ ऑक्टोबर २०१९, रियोगोकु. त्या वर्षी मार्चमध्ये तायजी इशिमोरीविरुद्धची टायटल मॅच हरून लायगरने दुसऱ्याच दिवशी रिटायरमेंट जाहीर केलेली, सुझुकीने महिनोन्‌महिने त्याला छळून त्याच्यातला किशिन बाहेर काढलेला, म्हणजे मास्कखालचा रंगवलेला राक्षसी चेहरा, जो १९९६ मध्ये ग्रेट मुताविरुद्ध पहिल्यांदा दिसला होता. मॅच सुझुकी जिंकतो, आणि मग खुर्ची बाजूला ठेवून तो गुडघ्यावर बसतो, डोकं मॅटला टेकवतो. कधीच कोणासमोर न वाकलेला माणूस. पहिला भाग बघितल्याशिवाय हा बघू नका, अर्धं हातातून निसटेल.

आणि मग ५ जानेवारी परत लावा. लायगर आणि सानो, समोर हिरोमु ताकाहाशी आणि रियू ली. आता कळेल की सानो जोडीदार म्हणून का आहे. हिरोमु आणि रियू लीचं पण आहे, मेक्सिकोत कामाइताची नावाने परदेशवारी करताना हिरोमु याच माणसाशी लढत मोठा झाला, आणि जुलै २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला याच माणसाशी लढताना त्याची मान मोडली, तशा अवस्थेत मॅच पूर्ण केली, मग सुमारे दीड वर्ष बाहेर. आदल्या रात्री ऑस्प्रेला हरवून तो चॅम्पियन झालाय आणि आता लायगरचे खांदे तो टेकवतो. चालू चॅम्पियनने मधोमध, स्वच्छ हरवलं. लायगरला असंच जायचं होतं, जो पुढे हा डिव्हिजन वाहणार त्याच्या हातून.

हीच पद्धत दुसऱ्या कोणालाही लावता येते. एखाद्याची मोठी मॅच घ्या, समोरचा, जोडीदार, कोपऱ्यातला, तिघांची नावं लिहा आणि तारखा शोधत मागे जा. तारखांसाठी केजमॅचची साइट पुरते, मॅचसाठी न्यू जपान वर्ल्ड हे त्यांचं स्ट्रीमिंग, जुनं भांडारही तिथेच आहे. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहाचा शो आपल्याकडे दुपारी तीनला, ऑफिसवाल्यांनी रात्री बघावं आणि तोपर्यंत निकाल कुठे वाचू नये.

चालू काळातला कोणी धरायचा असेल तर कोसेइ फुजिता घ्या. नोगेचाच पोरगा, २०२१ मध्ये पदार्पण, २०२५ ची सुपर ज्युनियर्स त्याने जिंकली, म्हणजे काळ्या चड्डीपासून ट्रॉफीपर्यंतचं सगळं एकाच ठिकाणी आणि स्वच्छ क्वालिटीत मिळतं. पुढची सुपर ज्युनियर्स उन्हाळ्यात सुरू झाली की सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, दोनपैकी एकच ब्लॉक, म्हणजे गट, धरा, जिंकल्याचे २ पॉइंट, बरोबरीचा १, मॅचला ३० मिनिटं, आणि पॉइंटच्या शेजारी प्रत्येकाचा कुठला गुडघा, कुठला खांदा बांधलेला आहे तेही लिहीत चला, शेवटच्या आठवड्यातल्या मॅच त्याच पट्ट्यांवर ठरतात.